नानांची एबीसीडी

नानांना चहा हवा असला की ते "पी-जी-के" म्हणतात. खालच्या टपरीवाल्याला आता सवय झाली आहे. नानांनी जिन्यातून पी-जी-के म्हटलं की तो निमूट आधण ठेवतो. मी या ऑफिसात नवी होते तेव्हा मला ते एखाद्या गोळीचं नाव वाटलं होतं. नानांनी खुलासा केला, "पी म्हणजे च, जी म्हणजे ह, के म्हणजे काना. झाला चहा."

आमचं ऑफिस धुळ्यात, देवपुरात. जुन्या संगणकांवरचं मराठी नव्यांना वाचता येईल असं करून देणं हे आमचं काम. पूर्वी छापखान्यांत जे मराठी टाइप होई, ते संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच असत. वरून मराठी फॉन्टचा अंगरखा चढवलेला असे. तो फॉन्ट हरवला की आतली एबीसीडी उघडी पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ही भानगड नाही. जुन्यातून नव्यात नेणारा प्रोग्रॅम मी लिहिते आणि तो कुठे चुकला ते नाना सांगतात.

नानांचं अर्धं आयुष्य छापखान्यात टाइप करण्यात गेलं. ती उघडी एबीसीडी ते चष्मा कपाळावर सारून पेपर वाचावा तशी वाचतात. रस्त्यातही सुटका नाही. एकदा सिग्नलला स्कूटरवर माझ्या मागे बसून पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचत म्हणाले, "एम म्हणजे ड, एच म्हणजे अर्धा भ. सगळ्या महाराष्ट्राच्या गाड्यांवर ड आणि अर्धा भ लिहिलेलं शे, आणि पुढे कोणी काही बोलत नाही."

साक्रीच्या एका शाळेची स्मरणिका आमच्याकडे आली होती. जुन्या टायपिंगमध्ये रफार अक्षराच्या नंतर येतो. माझ्या प्रोग्रॅमनं तो पुढच्या अक्षरावर नेऊन ठेवला आणि सूर्यवंशी गुरुजींचे सूयर्वंशी झाले, तेही चौतीस ठिकाणी. गुरुजी स्वतः एसटीनं आले. मी तर रडायच्या बेतात होते. नानांनी त्यांना खुर्ची दिली, पी-जी-के मागवला आणि समजूत घातली, की टोपी हरवलेली नाही, शेजाऱ्याच्या डोक्यावर गेली आहे, संध्याकाळपर्यंत परत आणतो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बठ्ठं शे, ताई. नुसतं जागावर नही." सगळं आहे, फक्त जागेवर नाही; माझी कुठलीही चूक निघाली की ते त्यांच्या अहिराणीत हेच म्हणतात. गुरुजी हसत परत गेले.

गेल्या महिन्यात नाना घरचा संगणक चादरीत गुंडाळून रिक्षातून घेऊन आले. तो सुरूच होत नव्हता. संगणकाचं काही नाही, म्हणाले, पण त्यात 'शैला' नावाचा एक फोल्डर आहे, तेवढा मिळाला तर बघा. त्या दिवशी त्यांनी चहाला चहा म्हटलं.

शैलाकाकू म्हणजे त्यांची बायको. चार वर्षांपूर्वी वारल्या. त्याच छापखान्यात त्या शेजारच्या संगणकावर टाइप करायच्या, एवढंच मला ठाऊक होतं.

दुपारपर्यंत फोल्डर निघाला. सगळा एबीसीडीत. नाना पोस्टात गेले होते. मला वाटलं, आले की चकित होतील, म्हणून मी सगळ्या फायली प्रोग्रॅममधून काढल्या. बरोबर झालं का पाहायला शेवटची उघडली. एक ओळ वाचली आणि बंद केली. तारीख मागच्याच आठवड्याची होती.

नाना आले. पडद्यावर मराठीत फायलींची यादी बघून उभेच राहिले. मग हळूच बसले आणि सांगू लागले. छापखान्याचे मालक कडक होते, कामाच्या वेळी बोललेलं चालत नसे. म्हणून ही दोघं फॉन्ट काढून एकमेकांना लिहायची. मागे येऊन उभे राहिले तरी मालकांना इंग्रजी काम चाललंय असंच वाटे. लग्न त्यातच ठरलं. पुढे घरी बोलायला कोणाची बंदी नव्हती, तरी भांडण झालं की काकू फायलीतच लिहून ठेवायच्या.

"वाचलं का?" त्यांनी विचारलं.

"एकच ओळ," मी म्हणाले. "भरीत केलं, पण तुझ्यासारखं होत नाही."

नाना म्हणाले, "हे दोघांनाच वाचता यायचं, ताई. आता एकालाच येतं. लोकांचं सगळं करू आपण मराठीत. हे राहू द्या."

मी त्यांच्यादेखत मराठीतल्या सगळ्या फायली पुसल्या. मूळ फोल्डर दोन पेनड्राइव्हवर घालून दिला.

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, चष्मा कपाळावर सारला आणि शेवटच्या फायलीत खाली टाइप करू लागले. बोटं भराभर चालत होती. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांग उमटत होती.

मी उठून खिडकीशी गेले आणि पांझरा नदीकडे बघत राहिले. एव्हाना ती अक्षरं मलाही थोडीथोडी वाचता येऊ लागली होती.