कमळाकर मास्तर कोरड्यात बुडाले

कमळाकर मास्तर बुडाले ते पनवेलच्या एका हायस्कुलात, आठवी 'ब'च्या वर्गात, टेबलाच्या डाव्या बाजूला. पाणी होतं ते फक्त व्हरांड्यातल्या मडक्यात. शाळेच्या म्हणण्याप्रमाणे असा काही प्रकार घडलेलाच नाही. तेव्हा न घडलेली ही हकिकत सांगायला कुणाची हरकत नसावी.

मास्तर म्हणजे मिठागरावर राबणाऱ्या घरातले पहिले बी. ए. नोकरी मात्र अजून कच्ची. मास्तरांना वेणूशी लग्न करायचं होतं, पण तिचे वडील बळीरामशेठ तेवढ्याच एका गोष्टीवर अडून बसले होते.

"मास्तर, पोरगी तुमचीच हाय," ते म्हणत. "पन आदी परमनंट व्हा. कच्च्या नोकरीला पक्की पोरगी मी देनार नाय."

आणि पक्कं होण्याच्या वाटेत हेडमास्तर उभे होते. ते पुण्याहून शिबिर करून आले ते इंग्रजी शिकवण्याची नवी पद्धत घेऊनच. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढायचा नाही. अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा. जो मराठी बोलेल तो बाकावर उभा, मग तो कुणीही असो.

मास्तरांनी पद्धत मनापासून पाळली. 'हेन'साठी कोंबडी आणली. तिने हजेरीपटाजवळ अंडं घातल्यामुळे 'एग'ही त्याच दिवशी उरकलं. 'हॅपी'साठी ते इतका वेळ हसले, की दुसऱ्या दिवशी वर्गातल्या जनीने दाढदुखीवर घरून लवंगेचं तेल आणून दिलं. तेव्हा त्यांनी पद्धतीत छोटीशी सुधारणा केली. दार लावायचं, अर्थ हळूच आपल्या आगरी बोलीत सांगायचा, दार उघडायचं. आठवी 'ब'चं इंग्रजी भरतीच्या पाण्यासारखं चढू लागलं. त्यात दाराच्या कडीचा वाटा किती मोठा होता, हे वर्गाबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग अलिबागहून इन्स्पेक्टर आले. मास्तरांना पक्कं करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. साहेब शेवटच्या बाकावर बसले. दार सताड उघडं.

"द सेलर इज ड्राउनिंग," मास्तर म्हणाले.

"द सेलर इज ड्राउनिंग," वर्ग म्हणाला.

साहेबांनी हाताने खूण केली: करून दाखवा.

मास्तर टेबलावर चढले. टेबलाचं गलबत झालं. वारा सुटला, लाटा उसळल्या, मास्तरांनी गटांगळ्या खाल्ल्या. गाल फुगवले, डोळे फिरवले, दोन्ही हात वर करून मदत मागितली. पनवेलच्या खाडीत खरोखर बुडालेली माणसंही इतकी छान बुडालेली नव्हती. तेवढ्यात टेबल कलंडलं आणि खलाशी जमिनीवर आपटला. हनुवटी दणकन लागली, डोळे पांढरे झाले. एवढं मात्र नाटक नव्हतं.

अर्धा वर्ग कोळीवाड्यातला. त्यातल्या काशिरामचा बाप खाडीत मचवा, म्हणजे मोठी होडी, चालवायचा. काशिराम उठला. मराठी बोलायचं नसल्यामुळे त्याने नुसती मान हलवली. जनीने व्हरांड्यातलं मडकं रिकामं करून आणलं आणि पालथं घातलं. बुडालेल्याच्या पोटातलं पाणी काढतात तसं पोरांनी मास्तरांना त्यावर पोटावर टाकलं आणि पाठीवर दाब देत पुढे-मागे लोळवायला सुरुवात केली. सगळं अगदी शिस्तीत, एक अक्षर न बोलता.

"स्टॉप!" मास्तर ओरडले.

मास्तर बोलले की मागून म्हणायचं, हा रोजचा नेम.

"स्टॉप!" वर्ग म्हणाला.

"लीव्ह मी!"

"लीव्ह मी!"

साहेबांनी उच्चारांवर समाधानाने मान डोलावली.

पोटातून पाणी काही पडेना. कोळीवाड्यात याचा अर्थ एकच होतो, प्रकरण गंभीर आहे. काशिरामने मनगट उलटं करून दाखवलं. चौघांनी मास्तरांचे पाय धरले आणि त्यांना उलटं टांगलं.

मास्तरांना आता साहेबांचे बूट तेवढे दिसत होते. 'सोडा रं मना!' एवढं म्हटलं की सुटका होती. ते वाक्य ओठांपर्यंत आलं. डोकं खाली असल्याने ते आपोआपच आलं. पण मास्तरांना वेणू दिसली, तीही उलटी. त्यांनी वाक्य परत गिळलं. उलटं लटकून मराठी गिळणारा असा मर्द त्या तालुक्यात दुसरा झाला नाही.

"प्लीज!" ते क्षीणपणे म्हणाले.

"प्लीज!" वर्ग म्हणाला.

मास्तरांचा चेहरा जांभळा पडला, तसे साहेब ताडकन उठले.

"अरे मेल्यांनो, खाली ठेवा त्यांना! जीव जाईल की!"

"अरे मेल्यांनो, खाली ठेवा त्यांना! जीव जाईल की!" वर्ग म्हणाला आणि मास्तरांना खाली ठेवलं.

जनीने मुकाट्याने बाकाकडे बोट दाखवलं. साहेब तत्त्वाचे होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. हेही मराठीच झाल्यामुळे पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. ते बाकावर चढले.

गलका ऐकून हेडमास्तर धावत आले. "काय चाललंय काय हे?"

जनीचं बोट शेजारच्या बाकाकडे वळलं.

"चढा," साहेब म्हणाले. "आणि आता उभेच आहोत तर मराठीतच बोलू. काय रे, 'ड्राउनिंग' म्हणजे काय, ते कळलं का तुम्हाला?"

काशिराम आधी आपणहून बाकावर चढला, मग बोलला. "बुडनं, सायेब. मास्तरांनी कालच दार लावून सांगितलं व्हतं."

कमळाकर मास्तरांनी डोळे मिटले. आता ते खरोखरच बुडाले होते.

"ठाऊक होतं? मग हा धिंगाणा कशाला?"

"ठावं व्हतं म्हनूनच ना, सायेब! बुडनाऱ्याला बगत कोन बसतंय?"

साहेब बाकावरूनच म्हणाले, "हेडमास्तर, इतकी वर्षं मी वर्ग तपासतोय. इंग्रजी वाक्य ऐकून उठलेला हा पहिलाच वर्ग. मास्तरांना आजच्या आज पक्कं करा. आणि आपण दोघं इथे उभे होतो, असं काही घडलेलं नाही."

"मुळीच नाही, साहेब," हेडमास्तर म्हणाले.

मास्तर पक्के झाले, वेणूशी त्यांचं लग्न ठरलं. पण काही घडलंच नसल्यामुळे नियमही बदलला नाही, आणि 'क' तुकडीला तोच धडा शिकवायचा होता. तेव्हा मास्तरांनी शिक्षण खात्याकडे अर्ज केला: "विनंती की, इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या पुढील आवृत्तीत सदर खलाशी सुखरूप बंदरास लावावा. ते खात्यास शक्य नसल्यास, त्यास मराठीतून बुडवण्याची लेखी परवानगी मिळावी. कळावे, आपला आज्ञाधारक."