गच्चीवरचा तांबेरा

शुक्रवार पेठेतल्या घराच्या गच्चीवर प्रियंकाची ज्वारी आजारी पडत नव्हती, म्हणून घर सुतकात असल्यासारखं गप्प होतं.

एक जात तांबेरा रोगाला बळी पडणारी, दुसरी त्याला दाद न देणारी. दोघींच्या संकराची नातवंडं तिनं कुंड्यांत वाढवली होती. आजीचा चिवटपणा किती नातवंडांत उतरतो, यावर तिची पीएच.डी. होती. पण रोग सगळ्यांना लागल्याशिवाय चिवट कोण ते कळणार कसं? तिनं रोग फवारला, तरी मोजक्याच पानांवर तांबडे ठिपके उठले. तिचे मार्गदर्शक सर लवकरच पाहायला येणार होते. रोग पसरला नाही तर हंगाम वाया.

तशात मोहोळहून सासूबाई, गोजाबाई आल्या. प्रियंका विद्यापीठातून परतली, तेव्हा कुंड्यांवर ओलं लुगडं पसरलेलं होतं.

"आत्या, हे काय?"

"अगं, लेकरं फणफणलीत की! वल्या फडक्यानं एकेक पान पुसलं, वरनं झाकलं. गार वाटंल त्यास्नी."

"सगळ्यांना एकच फडकं?"

"मग? ज्वारीला कुंडीगणिक टावेल लागतो व्हय?"

प्रियंका पायरीवर बसली. "मला ती आजारीच पाहिजे होती, आत्या."

गोजाबाईंना वडील आठवले. त्यांच्या लहानपणी कणसात काणीचा काळा रोग दिसला, की वडील ते कणीस फडक्यात गुंडाळून बांधाबाहेर नेत. घरातलं कुणी गेल्यासारखं सगळे मागून मुकाट चालत. आणि ही सून दुखणं कुंडीत लावून वाट पाहत होती!

आठवड्याभरानं तांबेरा कुंड्याकुंड्यांतून भडकला. गोजाबाईंनी अन्न सोडलं. "माज्याच हातानं गेली गं!"

सर आले. वाकून पानन् पान पाहिलं. "रोग सगळ्या कुंड्यांत इतका एकसारखा पोचला? कसा लावलात?"

प्रियंका खरं तेच बोलली. "सासूबाईंनी सेवा केली, सर. एकाच ओल्या फडक्यानं सगळी पानं पुसली."

"जे वाचायचं तेच वाचलंय. चारांतली तीन झाडं स्वच्छ. म्हणजे चिवटपणाचं एकच जनुक, पण खमकं!" सरांनी कोपऱ्यातल्या गोजाबाईंना हात जोडले.

"म्हंजी बारा आणे वाचली?" गोजाबाईंनी हळूच विचारलं.

"वाचली, आत्या."

गोजाबाई भाकरी खायला बसल्या. मग मोहोळला जावेला, शिवबाईला, फोन लावला. "लई बेकार साथ हुती. मी येळंवर आले म्हनून बरं. बारा आणे वाचवली बग."

प्रियंकानं काही दुरुस्त केलं नाही. तांबेऱ्याची पूड बसलेलं ते फडकं मात्र तिनं न धुता, घडी घालून जपून ठेवलं.