साक्षीतून सूट

आमच्या दारातली दुधाची पिशवी मांजराने फोडली, तेव्हा सेतुमाधवराव समोरच्या दारातच उभे होते. "कुणाचं हो मांजर?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. "पाहिलं असेल, जोगळेकर सार. पण सांगता येत नाही. मज इम्युनिटी आहे."

बँकेच्या बदलीने मी नागपूरहून चेन्नईच्या वेलचेरीत आलो होतो आणि समोर मराठी शेजारी मिळाले म्हणून हरखलो होतो. सेतुमाधवराव तंजावरी. त्यांचं मराठी म्हणजे जुन्या बखरीवर कुणी गरम सांबार ओतल्यासारखं.

दोन देशांतल्या कंपन्यांची भांडणं कोर्टाबाहेर मिटवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय लवाद संस्थेत ते सुनावणीची व्यवस्था पाहत. सरकारशी झालेल्या करारामुळे तिथल्या लवादांना आणि नोकरांना त्यांच्या कामाबद्दल कोर्टात खेचता येत नाही, आत काय ऐकलं याची साक्षही मागता येत नाही. नाहीतर हरलेला पक्ष उठून लवादालाच पिंजऱ्यात उभा करायचा. ही इम्युनिटी, म्हणजे सूट, होती ती एवढ्या कामापुरती. सेतुमाधवरावांनी ती डब्याच्या पिशवीतून घरी आणली.

पाहुण्यांच्या जागेत स्कूटर लावली म्हणून असोसिएशनने नोटीस धाडली, तर "मजवर बजावता येत नाही" म्हणून यांनी ती परत केली. लग्नाला गेले की मधल्या वाटेशेजारची खुर्ची धरून बसत, कुणी विचारलंच तर, "आम्ही कोण्याच पक्षाचे नव्हे." एकदा हेल्मेट नाही म्हणून हवालदाराने अडवलं. यांनी ओळखपत्र काढून कराराचं कलम ऐकवलं. हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सार, ही सूट डोक्याच्या हाडालाही आहे का?"

मग त्यांच्याच घरात भांडण लागलं. मुलगा श्रीनिवास आणि सून वसुधा यांचं पटेना. पाच वर्षांच्या मीनूला घेऊन वसुधा अण्णा नगरला माहेरी गेली. बायको पोरीकडे लक्ष देत नाही, पोरगी मला द्या, असा दावा श्रीनिवासने कोर्टात लावला. वसुधाच्या वकिलाने साक्षीदार म्हणून सासऱ्यांनाच बोलावलं.

श्रीनिवास निर्धास्त होता. माझ्यासमोरच म्हणाला, "अप्पा, तुमची ती इम्युनिटी सांगा आणि सुटा."

सेतुमाधवराव म्हणाले, "ती आपिसाच्या कामाला, पा. घरच्या गोष्टीला कुठली आली?"

त्या कराराचा बरोबर अर्थ त्यांनी लावलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

कोर्टात सोबत म्हणून मला घेऊन गेले. पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "माझा मुलगा वाईट नव्हे," ते म्हणाले. "पण पोरीला ताप आला की उशाशी बसायची ती सूनच. तो कधी बसला नाही. पोरगी आईजवळ असू द्या." श्रीनिवास समोरच्या बाकावर होता. बोलताना त्यांनी त्याच्याकडेच पाहिलं, न्यायाधीशांकडे नाही.

मीनू आईकडे राहिली. श्रीनिवासने बंगळूरला बदली मागून घेतली. सामान न्यायला माणसं आली, तो आला नाही. त्यानंतर त्याचा फोनही नाही.

वसुधा अधूनमधून मीनूला घेऊन येते. त्या दिवशी समोरच्या घरातून खिदळणं ऐकू येतं. बाकीच्या दिवशी संध्याकाळी सेतुमाधवराव आमच्याकडे कॉफीला येतात. पहिला घोट घेतला की हळूच म्हणतात, "सार, मज एक फोन लावा बघू."

मी समोर बसूनच लावतो. त्यांच्या खिशात मोठ्यांदा घंटी वाजते. ते फोन काढतात, पडद्यावर माझं नाव नीट वाचतात आणि बंद करतात.

"चालतो आहे," म्हणतात, आणि कॉफी संपवतात.