वामनबुवांचा वावर

एका जंगलात, बाळांनो, झाडं होती, ओढा होता, वाघसुद्धा होता. आणि अलीकडे तिथे एक सांस्कृतिक समितीही झाली होती. वाघ कधीतरीच दिसायचा. समिती रोज भेटायची.

त्या जंगलात वामनबुवा नावाचे एक दयाळ पक्षी राहायचे. मूठभर जीव, काळेपांढरे, शेपटी सदा वर. पण गळा असा, की बुवा गायला लागले म्हणजे ओढ्यावर आलेली हरणं पाणी प्यायचं विसरायची. उंबराच्या अगदी शेंड्याला एक बारीक फांदी होती. बुवा तिच्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि गायचे. गाताना फक्त चोच हलायची. ऐकणारेही डोळे मिटून घ्यायचे. त्यामुळे बुवा गाताना दिसतात कसे, हा प्रश्न कधी निघालाच नव्हता.

पहाटे त्या फांदीवरून गायचा मान बुवांचा होता. त्याआधी त्यांच्या वडिलांचा होता. सगळं जंगल त्या गाण्यानेच जागं व्हायचं.

एके दिवशी समितीचे अध्यक्ष उंबराखाली आले. हे एक अस्वल होतं. त्यांना सगळे भालेराव म्हणत.

"बुवा, गाणं उत्तमच आहे तुमचं," भालेराव मान वर करून म्हणाले. "पण लोकांनी बघायचं काय?"

"बघायचं? गाणं ऐकायचं असतं ना?"

"ऐकतात हो. पण काळ बदललाय. या वर्षी उत्सवात स्पर्धा ठेवलीये. जिंकेल त्याला पहाटेची फांदी. रानकोंबड्याने नाव दिलंय. गळा बेताचाच आहे, पण चालतो काय! तुम्ही नुसते बसून असता. जरा वावर पाहिजे बुवा, वावर!"

त्या दिवशी बुवांना अळी गोड लागली नाही.

"अहो, गळा शाबूत आहे ना तुमचा?" त्यांच्या पत्नी उमाबाई म्हणाल्या. "मग पायांची कसली काळजी करता?"

"आणि फांदी गेली तर?"

रोज पहाटे रानकोंबड्याच्या आवाजाने उठायचं, ही कल्पना उमाबाईंनाही सोसेना.

बुवा सरडे सरांकडे गेले.

सरडे सर कुंपणाच्या काठीवर बसून 'वावर वर्ग' चालवत. पहिल्या दिवशी वावर म्हणजे शेत असं समजून एक उंदीर खुरपं घेऊन आला होता, त्यालाही सरांनी प्रवेश दिला होता. सरांनी स्वतः जन्मात एक सूर काढलेला नव्हता. त्यामुळे गाण्याबद्दल त्यांचं मत अगदी निःपक्षपाती होतं.

"षड्ज लावलात की उजवीकडे दोन उड्या," सर म्हणाले. "पंचमावर पंख उघडायचे. तार सप्तकात गिरकी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळे मिटायचे नाहीत. समोरच्याच्या नजरेला नजर द्यायची. आत्मविश्वास डोळ्यांत दिसतो."

"आणि सूर?"

"ते काय, असतातच," सर म्हणाले आणि विषयासोबत रंगही बदलला.

बुवा घरी सराव करू लागले. उड्या मोजायला जावं तर ताल चुके, ताल धरावा तर पाय अडकत. उमाबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, एक विचारू? तुम्ही मान अशी झटकता ना, तेव्हा घशात काही अडकलंय का तुमच्या?"

"तो भाव आहे."

"असं होय. मी पाठीत थापटणार होते."

दुसऱ्या दिवशी गंधारावर गिरकी घेताना बुवा फांदीवरून खालीच आले. सरडे सरांनी लगेच दोष शोधला. "फांदीच अरुंद आहे. तुम्ही खाली कातळावर गा. ऐसपैस जागा, लोकही जवळ."

बुवांना ते पटलं. बिचाऱ्यांना तेव्हा सगळंच पटत होतं.

उत्सवाच्या संध्याकाळी कातळापुढे ही गर्दी जमली. पहिल्या रांगेत मानकरी होते, आणि मानकऱ्यांत चंपाबाई होत्या. चंपाबाई म्हणजे रानमांजर. बुवांच्या गाण्याच्या जुन्या चाहत्या. इतकी वर्षं त्या उंबराखाली बसून मन लावून ऐकत. पण शेंड्याची फांदी त्यांचं वजन पेलणारी नव्हती. कलाकाराच्या इतक्या जवळ बसायचा योग आज पहिल्यांदाच आला होता.

आधी रानकोंबडा येऊन चालून गेला. टाळ्या पडल्या. मग बुवांचं नाव पुकारलं गेलं.

बुवांनी षड्ज लावला. उजवीकडे दोन उड्या मारल्या. पंचमावर पंख उघडले. मग सरांचं सांगणं आठवून डोळे उघडे ठेवले आणि समोर एखादी आपुलकीची नजर शोधू लागले.

ती लगेच सापडली. पिवळी, स्थिर, पापणीही न लवणारी. इतक्या एकाग्रतेने बुवांकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बुवांना धीर आला. मग त्यांना त्या नजरेमागे वळवळणारं शेपटीचं टोक दिसलं.

चंपाबाईंनी झेप घेतली.

बुवांनी गिरकी घेतली. कुठल्या स्वरावर, ते त्यांनी पाहिलं नाही. ते जिवाच्या आकांताने ओरडले, पण बेसूर ओरडणं त्यांना येतच नव्हतं. तोंडून निघाली ती लखलखीत तान.

"वाहवा!" लोक ओरडले.

चंपाबाई कातळावरून घसरल्या, वळल्या, पुन्हा झेपावल्या. बुवा डावीकडे, चंपाबाई डावीकडे. बुवा मागे, चंपाबाई पुढे. भालेराव उभे राहून टाळ्या पिटू लागले. "याला म्हणतात वावर!" सरडे सर शेजाऱ्याला सांगत होते, "माझा विद्यार्थी."

एकट्या उमाबाई झाडावरून किंचाळत होत्या. "अहो, वर या! वर!"

लोकांना वाटलं, बाई वरचा सूर मागताहेत. सगळे एका आवाजात ओरडू लागले, "वर! वर!"

शेपटीची दोन पिसं चंपाबाईंच्या पंजात ठेवून बुवा वर गेले. उमाबाईंच्या शेजारी जाऊन बसले, तेव्हा त्यांचा तार षड्ज अजून चालूच होता.

स्पर्धा बुवांनी जिंकली, हे सांगायला नकोच. धाप लागलेल्या चंपाबाईंना घेऊन भालेराव झाडाखाली आले.

"पहाटेची जागा तुमचीच बुवा! फक्त फांदीवर नाही, खाली कातळावर. आणि जोडीने. लोकांना हाच कार्यक्रम रोज हवाय."

"माझी तयारी आहे," चंपाबाई नम्रपणे म्हणाल्या. "रोज पहाटे उपाशीपोटी येईन. गाण्याआधी मी काही खात नाही."

बुवांनी उमाबाईंकडे पाहिलं. उमाबाईंनी फक्त पंख झटकले.

"फांदी रानकोंबड्याला द्या," बुवा म्हणाले. वडिलांचा मान सोडताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा कापला. मग दोघं ओढ्यापलीकडे उडून गेली. तिकडे अजून समिती झालेली नाही.

इकडे सगळं छान चाललं आहे. चंपाबाई आता वावर वर्गात शिकवतात. एकाही विद्यार्थ्याची दुसऱ्या दिवशी तक्रार आलेली नाही. रानकोंबडा पहाटे फार सुंदर चालतो. पण त्याचं चालणं पाहायला आधी जागं व्हावं लागतं, म्हणून हल्ली जंगल दुपारपर्यंत झोपलेलं असतं.

तात्पर्य: गाताना श्रोत्याच्या नजरेला नजर जरूर द्यावी. श्रोता पुरेसा भुकेला असला, की पावलं आपोआप सुंदर पडतात. त्यातून गवई वाचला तर लोक त्याला आत्मविश्वास म्हणतात, आणि नाही वाचला तर तालमीत कमी पडला म्हणतात.