हमीद सर भीती गोळा करतात

आमच्या वरच्या मजल्यावरचे हमीद सर घरी आलेल्याला पाणी विचारायच्या आधी विचारतात, "तुम्हाला भीती कशाची वाटते?" आणि उत्तर येईपर्यंत तोंडाकडं बघत बसतात.

सर सिल्लोडला शाळेत चित्रकला शिकवायचे. बायको वारल्यावर इथं औरंगपुऱ्यात एका खोलीत राहायला आले. खोलीत दाराएवढी प्लायवूडची फळी भिंतीला टेकवलेली. दोन वर्षं त्यावर एकच चित्र चाललंय. त्यात माणूस नाही, झाड नाही. गोणपाट, चुना, डांबर, गंजलेली जाळी आणि लोकांच्या भीत्या.

भीत्या म्हणजे खऱ्याखुऱ्या वस्तू. घरमालकीण पाटीलकाकू कुकरला भितात. त्यांनी जुनी शिट्टी दिली. खालच्या टेलरला विजेचा झटका बसला होता. त्यानं जळकी वायर दिली. सर वस्तू चिकटवतात, वर चुन्याचा थर, त्यावर डांबर, मग थापीनं खरवडून बघतात, आतलं किती वर येतंय.

"सर, हे बघवत नाही," मी एकदा म्हणालो.

"वाळू द्या," सर म्हणाले. त्यांचं सगळ्याला हेच उत्तर. काकूंनी जिना धुवायला सांगितला, तरी "वाळू द्या".

यंदा माझ्या मानेत गाठ आली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टचं पाकीट मी आणलं, पण उघडलं नाही. चार दिवस बॅगेत घेऊन फिरलो. बायकोला सांगितलं, अजून यायचाय. हात सारखा मानेकडं जायचा. पाचव्या दिवशी ऑफिसला निघताना वर गेलो. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि जिना उतरलो.

ऑफिसात टेबलाशी बसलो आणि एकदम लक्षात आलं. सर ते चिकटवणार. वर डांबर ओतणार. कुणाला न सांगता निघालो. रिक्षा गर्दीत अडकली, तसा उतरून पळत आलो.

दार उघडंच होतं. स्टोव्हवर डांबराचा डबा तापत होता. सर जमिनीवर बसले होते. पाकीट मांडीवर, तसंच बंद.

"हे नाय लावता येत," ते म्हणाले. "बसा. माझ्यासमोर उघडा."

"तुम्हीच उघडा."

त्यांनी पाकिटाची कड फाडली. कागद त्यांनी दोनदा वाचला. "साधी गाठ हाय. कॅन्सर नाय," म्हणाले आणि ती ओळ मला बोटानं दाखवली.

मी तोंड झाकून रडलो. सर उठले. फळीच्या खालच्या कोपऱ्यात, डांबर सगळ्यात जाड होतं तिथं, त्यांनी हात ठेवला.

"आमच्या बायकोचा, शबानाचा रिपोर्ट इथं हाय. मीच आणला होता. तीन आठवडे कपाटात ठेवला. ती रोज विचारायची, आला का? मी म्हणायचो, नाय आला."

"मग?"

"मग उघडला. डॉक्टर म्हणाले, लई उशीर केला."

सरांनी स्टोव्ह बंद केला. "जा, वहिनींना खरं सांगा."

मी दोन पायऱ्या उतरलो, तर वरून आवाज आला, "मी पण येऊ का? थोडा वेळ बसतो."

"या ना, सर."

डांबरानं माखलेले हात तसेच घेऊन ते माझ्या मागं उतरले.