समोरची काच आणि कॅप्टनची दाढी

"जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवले मी! तिथे जीभ वळवळते, लाळ गळते, पेशंट मधेच बोट चावतो. गाडी बिचारी गप्प उभी राहणार. एक काच बसवायची, ती काय!"

डॉक्टर असं म्हणाले आणि त्यांच्या बायकोनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. लग्नापासूनचा अनुभव होता तिचा. डॉक्टर 'ती काय' म्हणाले की घरात काहीतरी होतंच. मागे 'एक नळ बदलायचा, तो काय' म्हणाले होते, तेव्हा खालच्या मजल्यावरची मंडळी छत्र्या उघडून जेवायला बसली होती.

पण या वेळची गोष्ट नळाएवढी साधी नव्हती हो. गाडी डॉक्टरांच्या वडिलांची. गोल दिव्यांची, फुगीर गालांची, आता रस्त्यावर कुठे दिसायची नाही अशी. वडील गेले, गाडी राहिली. डॉक्टर तिला रोज पुसायचे आणि रविवारी एक चक्कर मारून आणायचे. मग मागच्या वर्षी तिच्यावर झाडाची फांदी पडली आणि समोरच्या काचेचं कोळ्याचं जाळं झालं. तशी काच आता कुणी बनवतच नाही! डॉक्टरांनी ओळखीपाळखीत सगळ्यांना कामाला लावलं, तेव्हा कुठे एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर एक सापडली. एकच.

आणि नेमकी आक्का यायची होती. आक्का म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच डॉक्टरांना कडेवर घेऊन वाढवलं. आता गुडघे गेलेत आणि राहते लांब. फोनवर म्हणाली, "बाळ्या, परत एवढा प्रवास झेपेल असं वाटत नाही रे मला. एकदा बाबांच्या गाडीतून फिरव. बास, दुसरं काही नको."

आक्का रविवारी दुपारी येणार, रात्रीच्या गाडीनं परत जाणार. आणि गॅरेजचा मिस्त्री म्हणत होता, "सोमवारी येतो." आता सांगा, डॉक्टरांनी करायचं काय?

शनिवारी खोकं आलं. भुशातून काच बाहेर काढली आणि नवरा-बायको दोघंही बघतच राहिले. काय ती काच! दोन्ही बाजूंनी हलकेच वळलेली, डाग नाही, ओरखडा नाही. खिडकीतला उजेड तिच्यावर पडला आणि सगळ्या भिंतीवर पसरला. डॉक्टरांनी नकळत चपला काढल्या.

"आता ही ठेवायची कुठे?" बायकोनं कुजबुजत विचारलं. तान्हं बाळ झोपलेलं असावं तसं.

जमिनीवर ठेवली तर पाय लागेल. भिंतीला टेकवली तर घसरेल. शेवटी काच पलंगावर गादीत निजली, अंगावर मऊ रजई घेऊन. बायको सोफ्यावर आणि डॉक्टर खाली सतरंजीवर! पंखासुद्धा त्यांनी हळू केला.

रविवारी सकाळी मिस्त्रीनं फोनवर पद्धत सांगितली. काचेभोवती रबर चढवायचं. रबराच्या खाचेत सगळीकडून दोरी भरायची. साबणाचं पाणी लावायचं. काच बाहेरून चौकटीवर ठेवून दाबायची आणि गाडीत बसलेल्या माणसानं दोरी ओढायची. दोरी सुटत जाते तसं रबर आपोआप पत्र्यावर चढतं.

"पण डॉक्टर, रबर जुनं झालं की आखडतं, म्हणून म्हणतो..."

"कळलं, कळलं!" म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला.

दोरी भरायला शेजारचे कॅप्टन आले. आयुष्य बोटीवर काढलेला माणूस. छातीवर रुळणारी पांढरीशुभ्र दाढी. त्या दाढीला ते रोज तेल लावून विंचरायचे आणि तिच्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावं तसं बोलायचे. काचेला रबर चढवल्यावर कॅप्टननी खाचेत दोरी सफाईनं भरली, पण काच उचलायची वेळ आली तेव्हा ते मागे सरले.

"उचला," डॉक्टर म्हणाले.

"मी? छे छे! तुम्ही उचला."

"तुमचे हात भक्कम आहेत."

"तुमचे नाजूक आहेत!"

"तुमचं आपापसात ठरेपर्यंत वन्सं येऊन परत जातील," असं म्हणून डॉक्टरांच्या बायकोनं पदर खोचला आणि एक बाजू धरली. मग दुसरी बाजू कॅप्टननी धरली. वरातीत चालावं तसं पाऊल-पाऊल करत काच गाडीपर्यंत गेली.

डॉक्टर आत बसले. बाहेरून दोघांनी काच दाबली. डॉक्टरांनी दोरी ओढली आणि काय सांगू! रबराची कड जिवंत झाल्यासारखी उठली आणि पत्र्यावर चढून बसली. इंच इंच करत, सुळसुळ सुळसुळ. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, बसतेय! अगं, ही खरंच बसतेय!" बायकोनं आजवर नवऱ्याची एकही दुरुस्ती यशस्वी झालेली पाहिली नव्हती. ती तर काच दाबायचीच विसरली.

बसली! सगळी बसली. फक्त खालचा एक कोपरा राहिला. तिथे आखडलेलं रबर पुरलंच नाही. बोटभर फट राहिली आणि काच त्या बाजूला खडखड हलायला लागली.

"असू द्या हो," बायको म्हणाली. "फडकं कोंबा आणि सावकाश चालवा."

पण डॉक्टर त्या फटीकडे बघत होते. दातांमधली फट बघितली की जशी नजर व्हायची तशी त्यांची नजर झाली होती. ते गाडीतून उतरले, दवाखान्यात गेले आणि एक वाटी घेऊन परत आले. वाटीत कवळीच्या हिरड्या करायचा गुलाबी लगदा होता. वास असा की डोळे चुरचुरावेत!

"अहो, नको!"

"काही मिनिटांत दगडासारखा घट्ट होतो. कॅप्टन, काच दाबून धरा. काहीही झालं तरी हलू नका!"

कॅप्टन आज्ञाधारक माणूस. बॉनेटवर ओणवे होऊन त्यांनी दोन्ही हातांनी काच दाबली आणि कोपऱ्यावर नजर लावली. डॉक्टरांनी फट भरली. भरली ती भरली, वर बोटानं घोटून तिला हिरडीचा आकारही दिला. सवयच ती!

"अगदी खरी दिसतेय हो," बायको भारावून म्हणाली.

डॉक्टरांनी टिचकी मारली. टणक! काच हलेना, वाजेना. "झालं. कॅप्टन, सरळ व्हा."

कॅप्टन सरळ झाले नाहीत.

"कॅप्टन, झालं म्हटलं!"

"ऐकू आलंय मला," कॅप्टन शांतपणे म्हणाले. "दाढीला सांगा."

चांगली मूठभर दाढी त्या गुलाबी हिरडीत रुतून बसली होती! नेमकी तेव्हाच दाराशी टॅक्सी थांबली आणि काठी टेकत आक्का उतरली. बघते तो काय, बाबांच्या गाडीवर एक म्हातारा गृहस्थ पालथा पडलेला आणि बाळ्या त्याच्या हनुवटीखाली दात बघायचा आरसा धरून उभा!

"नमस्कार," कॅप्टन बॉनेटवरूनच म्हणाले. "उठता येत नाही, माफ करा."

"बाळ्या, काय केलंस रे हे?"

"आक्का, एक मिनिट! कोरून काढतो." डॉक्टर दात कोरायचं यंत्र आणायला धावले, पण अर्ध्या वाटेतच थबकले. हिरडी कोरायची म्हणजे काच थरथरणार. आणि काचेला तडा गेला तर?

"फोडा काच!" कॅप्टन गरजले.

"अहो, अशी दुसरी नाही जगात!"

"आणि अशी दाढी आहे का?"

आक्का हळूहळू चालत गाडीपाशी आली. तिनं काचेवरून हात फिरवला. मग ती कॅप्टनच्या समोर वाकली आणि म्हणाली, "भाऊ, तुमची ओळख नाही, पाळख नाही. पण मला एकदा ह्या गाडीत बसायचंय हो. परत काही माझ्यानं येणं व्हायचं नाही."

कॅप्टननी डोळे घट्ट मिटले. "वहिनी," ते डॉक्टरांच्या बायकोला म्हणाले, "कात्री आणा."

आक्कानं स्वतः कापली, एकेक बट, अगदी हळुवार. कॅप्टन उठले तेव्हा एका बाजूनं ऋषी दिसत होते आणि दुसऱ्या बाजूनं कारकून. पण ताठ उभे राहिले हो! डॉक्टरांनी त्यांना वाकून नमस्कारच केला.

मग डॉक्टरांनी अदबीनं मागचं दार उघडलं. आक्कानं ते लावून टाकलं.

"मला पुढे बसायचंय."

"अगं, मागे ऐसपैस..."

"लहानपणी मागेच बसले की रे नेहमी! तुला मांडीवर घेऊन. तू रडायचास, ओकायचास, मी तुला सांभाळायची. बाबांच्या टोपीपलीकडचं मला कधी दिसलंच नाही. पुढून रस्ता कसा दिसतो ते एकदा बघायचंय मला."

डॉक्टर दोन पावलं पुढे सरकले. त्यांनी पुढचं दार उघडलं.

गाडी निघाली. मागे बायको आणि अर्धे कॅप्टन. पुढे आक्का. समोरून रस्ता येत होता, झाडं येत होती, ढग येत होते, सगळं त्या काचेतून थेट तिच्या अंगावर. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून, लहान मुलीसारखी डोळे मोठे करून बघत होती.

"अगं बाई," एवढंच म्हणाली. "एवढं मोठं असतं होय हे!"

चक्कर संपली. "अजून एक," आक्का म्हणाली. ती संपली. "अजून एक रे." नाही कोण म्हणणार? तलाव झाला, बाजार झाला, टेकडीचा रस्ता दोनदा झाला. आणि परतताना गाडीनं एक उचकी दिली, दुसरी दिली आणि ती भर चौकात थांबली. पेट्रोल संपलं! काचेपायी हैराण झालेल्या डॉक्टरांनी त्या काट्याकडे बघितलंच नव्हतं.

शेवटी स्टिअरिंगवर आक्का बसली. मागून डॉक्टर, त्यांची बायको आणि कॅप्टन ढकलायला लागले. घामाच्या धारा लागल्या, डॉक्टरांची चप्पल तुटली, कॅप्टनची उरलेली दाढी डिकीला घासत होती. कशीबशी घराची कमान दिसली तेव्हा डॉक्टर धापा टाकत ओरडले, "आक्का, आलं गं घर!"

आक्कानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"जरा हळू ढकला की रे! बघू तरी द्याल का नाही?"

आणि तिनं खुशाल स्टिअरिंग वळवून गाडी घरावरून पुढे नेली.