पोफळी नाकारणारी बंद फाइल

दिवेआगरच्या भार्गवीने वादळात पडलेल्या झाडांच्या बदल्यात कोणाला किती रोपं द्यायची, हे ठरवणारा प्रोग्रॅम पायथन या कंप्युटरच्या भाषेत लिहिला. तो कोणालाही वाचता येतो, हा त्यातला गंभीर दोष तालुक्याच्या कार्यालयाने वेळीच हेरला. वाचणारा शंका विचारतो आणि शंकानिरसनाचं पद रिक्त आहे, असं अधीक्षक मोकलसाहेबांनी तिला समजावलं.

शिवाय कार्यालयातले कंप्युटर ज्या लिनक्स प्रणालीवर चालत, तिच्यावरचा पायथन फारच जुना होता आणि नवा बसवायला वरून परवानगी लागत होती. म्हणून भार्गवीने सगळा कोड, लागणाऱ्या सामानासकट, एका बंद फाइलीत बांधून आणला. ती चालेना. भार्गवीच्या लॅपटॉपवरचं लिनक्स नवं होतं आणि नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही. मग तिने ती फाइल कार्यालयातल्याच सर्वांत जुन्या कंप्युटरवर बसून बांधली, तेव्हा सगळीकडे चालली. जुन्याचं महत्त्व अखेर विज्ञानानेही मान्य केल्याची नोंद साहेबांनी टिपणीत घेतली. मग फाइल उघडून पाहिली. नुसती अगम्य चिन्हं. साहेब प्रसन्न झाले.

निकाल लागले. पूर्वी यादीवरून भांडणारे लोक या वेळी निमूट घरी गेले. कंप्युटरने सांगितलं म्हटल्यावर बोलणार काय? फक्त नीराबाई भार्गवीच्या दारात आल्या. त्यांचा अर्ज ‘अशक्य’ ठरला होता.

“तीन गुंठ्यात तीस पोफळी व्हत्या माज्या. आडव्या झालेल्या तूच मोजल्यास. आता न्हाय व्हत्या म्हनतंय?”

भार्गवीने मूळ कोड पुन्हा पाहिला. गुंठ्याला दोनच झाडं हा माडाचा हिशेब तिने दाटीने वाढणाऱ्या पोफळींनाही लावला होता. ती तशीच कार्यालयात गेली आणि चूक कबूल केली.

साहेब म्हणाले, “फाइलीत तर चूक दिसत नाही.”

“बंद आहे साहेब, दिसणार कशी?”

“मग आहे कशावरून?” त्यांनी तोडगाही सुचवला. चोवीस पोफळी मुळात नव्हत्याच, असं नीराबाईंनी लिहून द्यावं. उरलेल्या सहा लगेच मंजूर.

दुसऱ्या दिवशी भार्गवीने चूक सुधारून, त्याच नावाची नवी फाइल जुनीच्या जागी ठेवली. कोणाच्या लक्षात आलं नाही. नीराबाईंना तीस रोपं मिळाली.

मनाला लागून राहिलं म्हणून भार्गवीने नव्या फाइलीत सुरुवातीलाच एक सूचना घातली होती: ‘या प्रोग्रॅममध्ये चुका असू शकतात. मूळ कोड मागितल्यास दाखवला जाईल. वाचलं, मान्य आहे.’ महिन्याभरात कार्यालयातल्या पडद्यावर निकाल पाहणाऱ्या चारशे अकरा जणांनी ‘मान्य’वर बोट ठेवलं, त्यात मोकलसाहेबही होते. कोड एकानेही मागितला नाही.

वाचकहो, हसण्यापूर्वी आपला फोन हातात घ्या आणि आज सकाळपासून आपण कशाकशाला मान्यता दिलीत, तेवढं सांगा.